घरी काय सांगितलंय?

"दारू खरंच सुटते का हो?" हा प्रश्न मला लग्नात विचारलाय, बारशात विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना विचारलाय. विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "माझ्या एका मित्रासाठी विचारतोय." हे मित्र नेहमी विचारणाऱ्याच्याच उंचीचे आणि त्याच्याच वजनाचे असतात. मी सगळ्यांना एकच उत्तर देते. सुटते. पण मित्राला स्वतः यायला सांगा.

बावीस वर्षं मी पनवेलच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेशाच्या टेबलावर बसले. डॉक्टर नाही, नर्स नाही. येणाऱ्याचा फॉर्म भरायचा, बॅग तपासायची, घरच्यांना काय करा आणि मुख्य म्हणजे काय करू नका ते सांगायचं, आणि माणूस बरा होऊन निघाला की त्याच्या घरी जाऊन यायचं, हे माझं काम. आमच्या सोसायटीतल्या बायकांची पक्की समजूत, की माझा नवरा पीत असणार. त्याशिवाय असली नोकरी कोण धरेल? माझा नवरा बिचारा खोकल्याचं औषधसुद्धा नाक मुरडत घेतो. पण समजूत ती समजूत, एकदा बसली की हलत नाही.

बॅग तपासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. शाम्पूच्या बाटलीत शाम्पू असेलच असं नाही. मोज्याच्या घडीत तंबाखू असते. एक गृहस्थ कपाळाला गंध लावून आले, सोबत तांब्याचा गडू, त्यात म्हणे गंगाजल. मी झाकण उघडून हुंगलं आणि विचारलं, "काका, गंगेला असा वास कधीपासून यायला लागला?"

"काय सांगू ताई," ते अगदी दुःखानं म्हणाले, "फार प्रदूषण झालंय हो."

मी गडू मोरीत ओतला आणि काकांना आत पाठवलं. पुढे काका छान सुधारले. गडू मात्र शेवटपर्यंत परत मागत राहिले.

लोकांना वाटतं, तयारी म्हणजे बॅग भरणं. बॅग ही सगळ्यात सोपी गोष्ट. चार कपडे, टॉवेल, चालू असलेली औषधं, झालं. खरी तयारी कशाची असते ते कुणाला माहीत नसतं, आणि त्या अज्ञानात लोक जिवावर बेतेल असं काहीतरी करून बसतात. रोडपालीच्या एका सज्जन कुटुंबाचं उदाहरण देते. वडील रोज पिणारे, सून आणि मुलगा दोघं नोकरीला, घर नीटनेटकं. मुलानं विचार केला, केंद्रात न्यायच्या आधी बाबांना घरीच जरा स्वच्छ करू. म्हणजे चार दिवस खोलीला कडी आणि एक थेंब द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचे हात थडथड उडायला लागले. भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून ते चपलेनं भिंत झोडपायला लागले. मुलाला वाटलं, नाटकं करतायत. मग झटका आला. नशीब, शेजारचा माणूस शहाणा होता, त्यानं गाडी काढली आणि आधी हॉस्पिटल गाठलं.

ते बाबा वाचले. पण त्या दिवसापासून मी फोनवर नमस्काराच्याही आधी एक वाक्य बोलायला लागले: रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा. शरीराला सवय झालेली असते, ते चवताळतं. एवढी साधी गोष्ट, पण घराघरांत अजून कडीच लावतात.

याच्या उलट टोकाचेही नमुने. एकाला त्याचे सहा मित्र टेम्पोत घालून, गळ्यात हार घालून घेऊन आले. आदल्या दिवशी निरोपाची पार्टी झाली होती आणि सहाही जण अजून त्या पार्टीतच होते. कुणाला भरती करायचंय हे मला दहा मिनिटं कळेना. शेवटी ज्याच्या गळ्यात हार, त्याचा फॉर्म भरला. आत गेल्यावर तो म्हणाला, हार चुकून माझ्या गळ्यात आला. ज्याला आणायचं होतं त्याच्याबरोबर त्यालाही ठेवून घेतलं! अहो, गरज त्यालाही होतीच.

आता मुद्द्यावर येते. टेबलासमोर बसलेल्या माणसांना सगळ्यात मोठी काळजी कशाची असते? उपचाराची नाही. "तो कुठे गेलाय, असं लोकांना सांगायचं?" याची. फॉर्म अर्धा भरून होतो तोवर बायको नाहीतर आई हळूच पुढे वाकते आणि विचारते. आणि मला सांगायला लाज वाटते, पण सांगते: या बाबतीत मी थापांचं दुकानच काढलं होतं. 'घरी काय सांगितलंय?' हा माझा नेहमीचा प्रश्न. फॉर्मवर तो छापलेला नव्हता, मी पेनानं समासात लिहून ठेवायचे. कारण पुढे चौकशीचा फोन आला तर आमचीही थाप घरच्यांच्या थापेशी जुळायला हवी ना! हार्नियाचं ऑपरेशन, पुण्याला ट्रेनिंग, मामा आजारी, ध्यानशिबिर. कच्ची थाप आली की मी दुरुस्त करून द्यायचे. "हार्निया नको, लोक बघायला येतात. शिबिर म्हणा, तिथे बोलायला बंदी असते." बायका माझे हात धरून आभार मानायच्या. मला वाटायचं, केवढं पुण्य करतेय मी.

अशा दिवसांत जासईहून हरेश आला. तिथल्या कंटेनरच्या यार्डात तो मोठं यंत्र चालवायचा, एकावर एक कंटेनर रचायचं. हात असा साफ, की यार्डात त्याचं नाव होतं. पण हळूहळू सकाळी हात थरथरायला लागले आणि थरथर थांबावी म्हणून तो सकाळीच घ्यायला लागला. एकदा भरलेला कंटेनर त्याच्या हातून कलता कलता वाचला. खाली दोन माणसं उभी होती. त्या दिवशी तो यंत्रावरून उतरला, घरी गेला आणि बायकोला म्हणाला, मना कुठंतरी ने.

बायको सुगंधा. बारीक चणीची, पण करारी. तिनं टेबलावर कोपर टेकलं आणि म्हणाली, "ताई, सासूला ठाव नाय. ती म्हातारी हाय, गावात मान हाय तिला. पोरगा येड्यांच्या इस्पितळात ठेवलाय असं कोन बोलला, तं ती अंथरूनच धरंल."

"मग काय सांगितलंय?"

"दुबय."

मी पेन खाली ठेवलं. "दुबई?"

"यार्डातली दोन पोरं गेल्यान ना तिकडं बंदरात. म्हनून बोललो, यो पन गेला. तीन महिन्यांचं कंत्राट."

मला ही थाप इतकी आवडली म्हणून सांगू! आमचा उपचारही नेमका तीन महिन्यांचा. मी माझ्याकडून त्यावर कळस चढवला. "फोन आठवड्यातनं एकदाच येईल म्हणावं. बंदरात मोबाईलला बंदी असते." सुगंधाच्या चेहऱ्यावर हसू आलं. हरेश मात्र खाली मान घालून बसला होता. त्या दिवशी मी त्याच्याकडे नीट बघितलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

हरेशनं आत मात्र शर्थ केली. पहिला आठवडा डॉक्टरांच्या औषधावर गेला, मग तो उठला तो थेट भांडी घासायला. गटात बोलायची पाळी आली की बोलायचा. कंटेनर कलला ती गोष्ट त्यानं पहिल्यांदा सांगितली तेव्हा रडला आणि पुढे निदान दहा वेळा न रडता सांगितली. रविवारी माझ्या टेबलावरच्या फोनवरून तो आईशी बोलायचा. दुबईहून. एकदा बोलणं चालू असताना खिडकीखालून भंगारवाला ओरडत गेला. "भंगाऽऽर, लोखंड, पेपर!"

आई तिकडून म्हणाली, "हरेश, तिकडं पन भंगारवाला हाय?"

हरेश गडबडला. मग म्हणाला, "हाय गो आय. आपल्या पनवेलचाच हाय."

"बघ बाय, आपली मानसं कुठं कुठं पोचली!" आईला कोण अभिमान वाटला. आम्ही सगळे हसून लोळलो. हरेश हसला नाही. फोन ठेवून त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि परत भांड्यांकडे गेला.

तीन महिने पुरे झाले. मी घर बघून यायच्या ऐवजी या खेपेला काय केलं असेल? सुगंधाबरोबर पनवेलच्या बाजारात जाऊन दुबईचं सामान घेतलं! खजूर, अत्तर, एक जाड फुलाफुलांचं ब्लँकेट. दुकानदार स्वतः अठरा वर्षं आखातात राहून आलेले बुजुर्ग. त्यांनी आमच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "बेटी, दुबईहून कोण आलं म्हणायचं, सामान की माणूस?" मी हसून वेळ मारून नेली. एरवी मी बाहेर पडणाऱ्याला काय काय पढवते! संध्याकाळचा रिकामा वेळ भरून ठेव, जुन्या अड्ड्याच्या रस्त्यानं जाऊ नकोस, दारू सोडलेल्यांची बुधवारची मीटिंग चुकवू नकोस, उपाशी राहू नकोस, राग आला की फोन कर. हरेशला हे सगळं सांगितलं आणि वर सांगितलं, दुबईत उकडतं फार, हे विसरू नकोस.

घरी पोचून आठ दिवस झाले नाहीत तोच सुगंधाचा फोन. गावाची एक रीत मी साफ विसरले होते. परदेशातून आलेला माणूस विमानतळावरची बाटली आणल्याशिवाय येत नाही, आणि ती एकटा उघडत नाही. हरेशचा चुलतभाऊ जयवंत, एका ताटात जेवलेला आणि एका ग्लासात प्यालेला, रोज दारात उभा. "दुबयवाले, बाटली कुठाय?" हरेशनं सांगितलं, बाकीचं सामान जहाजानं मागून येतंय. झालं! जयवंतनं गावभर करून टाकलं, की येत्या हळदीला दुबईची बाटली फुटणार. हळद जयवंतच्याच पुतण्याची. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मटण, नाच, आणि पिणं तर विचारू नका.

म्हणजे तीन महिने ज्याला आम्ही बाटलीपासून दूर ठेवलं, त्याच्या हातात भर मांडवात बाटली देण्याची सोय मीच करून ठेवली होती. दारूच्या दुकानदारालाही हे जमलं नसतं.

मी तडक जासईला गेले. हरेश पडवीत बसला होता, वजन उतरलेलं, डोळे ओढलेले. माझं डोकं जुन्या सवयीनं लगेच चालायला लागलं. "असं करू, लिव्हरला सूज आहे म्हणून सांगू. दुबईच्या डॉक्टरनं..."

"ताई," हरेश म्हणाला, "तुमी आता थाप नका देव."

मी पडवीच्या पायरीवर बसले.

"दारूची आठवन मना दिवसातनं दोनदा येते. ती आली की काय कराचा ते तुमी शिकवलाव, मी करतो. पन दुबय? दुबय धा वेला येते. कोनाला काय बोललो, विमानात काय खाल्ला, पगार किती, मुकादमाचं नाव काय. रात झाली की डोकं भनभनतं. काल पहिल्यांदा वाटला, एक घोट मारला तं ह्या दुबयपासून सुटंन."

बावीस वर्षांत मला असं कुणी थोबाडीत मारलं नाही. त्याच वेळी मला एक दुसरा माणूस आठवला. नाव सांगत नाही. 'पुण्याला ट्रेनिंग' ही थाप मीच त्याला बेतून दिली होती. परत गेल्यावर ऑफिसातल्यांनी बढतीची पार्टी मागितली, त्यानं ती दिली, आणि तो आमच्याकडे पुन्हा आलाच नाही. आली ती त्याच्या जाण्याची बातमी. तेव्हा मी म्हटलं होतं, इच्छाशक्ती कमी पडली. कुणाची कमी पडली ते मला जासईच्या त्या पडवीत समजलं. त्याच्या बायकोची माफी मागायला मी पुढे गेले, पण घर बदलून ती गेली होती. ते राहिलंच.

"मग काय करायचं ठरवलंयस?" मी विचारलं.

"खरा सांगाचा. हळदीला, सगल्यांसमोर. एकेकाला सांगत बसलो तं मी मरंन." मग तो अजिजीनं म्हणाला, "तुमी यावा. आय बसंल तिच्या बाजूला बसावा. तिला चक्कर आली तं धराला."

गिऱ्हाइकाच्या घरच्या कार्याला जायचं नाही, हा आमच्या केंद्राचा नियम. मी गेले. जांभळी पैठणी नेसून गेले, जायचं तर नीट जायचं.

मांडव भरला होता. नवरदेव पिवळा झालेला, गाणाऱ्या बायका रंगात आलेल्या, मागे खुर्च्यांच्या रांगेआड ग्लासांची सोय. मी आईच्या शेजारी बसले. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंडात एकच विषय. "माजा हरेश दुबयला व्हता, बाय. तुमी कुठल्या?"

"पनवेलची," मी म्हटलं.

जयवंतनं माईक घेतला. त्याचा पहिला ग्लास कधीच संपला होता. "आता आपले दुबयवाले येतील न् आपल्याला दुबयची चव दाखवतील!" टाळ्या, शिट्ट्या. हरेश उठला. मोकळ्या हातानं मांडवाच्या मध्ये गेला आणि माईक हातात घेतला. त्याची नजर मागच्या ग्लासांकडे गेली. मला वाटलं, संपलं. आता हा काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेणार आणि मागच्या रांगेत जाऊन बसणार. सुगंधा खांबाला धरून उभी होती, तिचे ओठ हलत होते.

"मी दुबयला नव्हतो," हरेश म्हणाला. "मी पनवेलला व्हतो. तीन महिने. दारू सोडाला."

गाणाऱ्या बायका थांबल्या. कुणीतरी मागे हसलं, त्याला वाटलं विनोद आहे.

"यार्डात माज्या हातून कंटेनर पडला असता. खाली आपल्याच गावातली दोन मानसं व्हती, ती आज हितं बसल्यान. त्यांना ठाव नाय. म्हनून गेलो. बाटली नाय आनली. आननार पन नाय. जेवन तयार झालं की मी पंगतीला वाढीन, पन मना ग्लास देव नका. देलाव तं मी मरंन. एवढाच सांगाचा व्हता."

त्यानं माईक खाली ठेवला. मी आईचा दंड घट्ट धरला. तिनं माझा हात झटकून टाकला आणि उठली. चक्कर कसली नि काय कसलं! तरातरा मध्ये गेली आणि पोराच्या समोर उभी राहिली.

"तीन महिने मी गावभर दुबय दुबय करत फिरलो," ती ओरडली, "न् तू हितं पनवेलला?"

"आय..."

"एस्टीनं पाऊन तास! पाऊन तास, रं! तुज्या बापाच्या टायमाला मी डोक्यावर पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात रोज जायचो. तू आजारी व्हतास न् मना भेटाला नाय बोलावलास? मी डबा आनला असता. तिकडं तुना खावाला सुका जवला कोन देत व्हता?"

आणि मग त्या बाईनं, सगळ्या गावासमोर, एवढ्या मोठ्या पोराला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडली. हरेश रडला, सुगंधा रडली, माझी पैठणी भिजली. जयवंत हातातल्या ग्लासाकडे बघत उभा होता. त्यानं तो ठेवून दिला असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण त्यानं तो प्यायला. मात्र नंतर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसला आणि पानाकडे बघत म्हणाला, "बाय, तुमच्याकडं कवा यायचा असतो?" म्हटलं, सोमवारी. तो सोमवारी नाही आला, चार सोमवार घालवून आला. पण आला, आणि येताना साऱ्या आळीला सांगून आला.

हरेशला आज सहावं वर्ष चालू आहे. यंत्रावर परत चढलाय. तो कंटेनर ज्यांच्या डोक्यावर आला असता, त्यातल्याच एकाच्या मुलीच्या लग्नात हा वाढपी होता. त्या हळदीनंतर मी टेबलावरचं थापांचं दुकान बंद केलं. घरच्यांना सांगायला लागले, गावभर दवंडी पिटू नका, पण ज्यांच्यात परत जायचंय त्या चार माणसांना खरं सांगून ठेवा. बायका नाराज व्हायच्या. व्हा म्हटलं.

हळदीनंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, हरेशची आई केंद्रात आली. एकटी, एस्टीनं. हातात डबा. "माजा पोरगा कुठं झोपत व्हता ते मना बघाचा हाय." नियमात बसत नव्हतं, पण मी नेलं. खिडकीजवळची खाट. त्यावर एक नवा माणूस होता, कुठल्याशा कंपनीतला, भिंतीकडे तोंड करून. तीन दिवस कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या घरच्यांनी हट्टानं सांगून ठेवलं होतं, ऑफिसच्या कामाला बंगळूर.

आईनं खाट हातानं दाबून बघितली. खिडकीतून बाहेर बघितलं. मग खाटेच्या कडेला बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हितं माजा हरेश व्हता. बरा झाला. तुजी आय हाय का रं?"

त्यानं मान हलवली. हाय.

"तिला ठाव हाय, तू हितं हाईस?"

तो भिंतीला आणखी चिकटला. तिनं डबा उघडला. सुक्या जवळ्याचं, त्या इवल्या कोलंबीचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. तिनं त्याला उठवून बसवलं आणि घास घेऊन त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं खाल्ला. चावता चावता त्याचे डोळे भरून आले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला.

"मॅडम, आईला फोन लावून द्या. मी पनवेलला आहे म्हणून सांगतो."